कीर्तनखोल्याचे निताईदा

‘ळ’ हे अक्षर शिकवताना मी मुलांना एक गोष्ट नेहमी सांगत असे. या एका अक्षरावरून माणसाचे गाव ओळखता येते. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत ‘ळ’चा ‘र’ होतो. डोळ्याचा डोरा होतो, जवळचे जवर होते. शाळेशेजारच्या बंगाली वसाहतीत त्याच ‘ळ’चा ‘ल’ होतो. तिथे डोळ्याला डोला म्हणतात. मूळ अक्षर दोघांनाही जमत नाही, पण दोघे वेगवेगळ्या दिशांनी चुकतात. हा पाठ मी इतक्या वर्गांना दिला, की तो मला झोपेतही म्हणता आला असता. तोच पाठ एके दिवशी फुटबॉलच्या मैदानावर माझ्या अंगावर येईल आणि मी जागच्या जागी गार पडेन, असे मात्र कधी वाटले नव्हते.

मी मूळची गोंदियाजवळच्या मुर्रीची. नोकरीने मला जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात आणले. तिथे पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची वसाहत आहे. तिला आसपासचे सगळे ‘कॅम्प’ म्हणतात. तंबू जाऊन पक्की घरे आली, तरी नाव तेच राहिले. कॅम्पला एक फुटबॉलचा क्लब आहे आणि त्या क्लबला निताईदा होते. निताई मंडल हे त्यांचे पूर्ण नाव. सकाळी ते आपल्या धानाच्या बांधीत, म्हणजे खाचरात असत आणि संध्याकाळी मैदानावर. क्लबमध्ये त्यांना पद कुठलेच नव्हते. चेंडू शिवणे, चुन्याच्या रेषा मारणे, पोरांना पळवणे आणि इतिहास सांगणे, ही कामे त्यांची होती.

त्यांची मराठी ऐकण्यासारखी होती. ‘स’चा ‘श’, ‘ळ’चा ‘ल’ आणि बॉलचा बोल. सराव सुरू होण्यापूर्वी ते चेंडू नाकाशी नेऊन हुंगत आणि मग तो कोणाच्या तरी पायाशी टाकत म्हणत, “बाबू, बोल पायात नाय, डोल्यात ठेव. पाय आपोआप जाते.” शिट्टी त्यांनी कधी वापरली नाही. टाळी वाजवत. त्यांच्या टाळीला मैदानाच्या पलीकडच्या बांधीतले बगळे उडत. मला ते ‘दिदिमोनी’ म्हणत. बंगालीत शिक्षिकेला तसे म्हणतात. माझ्या वर्गातला एखादा मुलगा शुद्धलेखनात नापास झाला, तर त्याच दिवशी त्याला मैदानातून घरी पाठवत. “आधी दिदिमोनीचा गोल मार. मग माझा.”

क्लबचे नाव कीर्तनखोला. पूर्व बंगालातल्या बारिसाल शहराजवळून वाहणाऱ्या एका नदीचे हे नाव. पण आमच्याकडच्या लोकांना ते कसे कळावे? क्लब नवा असताना शेजारच्या गावाने हरिनाम सप्ताहाचे आमंत्रण धाडले. संघाचे नाव कीर्तनखोला, म्हणजे मंडळी कीर्तनातली असणार, असा त्यांचा सरळ हिशेब. निताईदांचे वडील हरिपद मंडल हे क्लबचे संस्थापक आणि कप्तान. त्यांना वाटले, सामन्याचे आमंत्रण आहे. ते अर्ध्या चड्ड्या घातलेला संघ घेऊन देवळापुढे हजर झाले.

निताईदा हा प्रसंग नक्कल करून सांगत. आधी गावच्या पाटलाचा आवाज: “बुवा कोन आहे तुमच्यात?” मग हरिपदांचा: “बुआ नाय. बेक आहे, हाफबेक आहे.” पुन्हा पाटील: “अन टार कुठी आहेत?” टाळ म्हणजे काय हे हरिपदांना कळेना. त्यांनी चेंडू पुढे केला. देवळापुढे बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. शेवटी संघातल्या एकाने हरिनामाचा बंगाली गजर सुरू केला, बाकीच्यांनी हात वर करून साथ दिली, आणि गाव इतके रंगले की मंडळींना जेवल्याशिवाय कोणी सोडले नाही. दुसऱ्या दिवशी त्याच गावाशी सामना झाला. “त्यात आमी त्यांना शोडलं नाय,” असे म्हणून निताईदा टाळी वाजवत. “मी बाबांच्या खांद्यावर होतो. शगलं पाह्यलं.”

पाटलाची नक्कल करताना त्यांच्या तोंडचा ‘टार’ अगदी अस्सल उतरे. मला त्याचे कौतुक वाटे. कौतुकाच्या पलीकडे मी गेले नाही.

दुसरी गोष्ट मात्र ते नक्कल न करता सांगत. पौष संक्रांत हा क्लबचा स्थापनादिन. धान घरात आलेले असते, बांध्या कोरड्या असतात. कॅम्पात पिठे, म्हणजे तांदळाच्या पिठाची पक्वान्ने रांधतात आणि आमच्याकडचे लोक तिळगूळ घेऊन येतात. त्या दिवशी नव्या खेळाडूंना मैदानाच्या मध्यभागी बसवून निताईदा येण्याची गोष्ट सांगत. घर सोडताना हरिपदांनी चेंडूतली हवा काढली आणि तो गोधडीत शिवला. सोने लपवावे तसा. मग नदी, नदीवरची स्टीमर, मग गाड्या, छावण्या, पुन्हा गाड्या, आणि शेवटी गोंदियाचे स्टेशन. “मी आईच्या मांडीवर. नदीवर एकदाच मागे पाह्यलं. मग श्टीमर वाजली.” इथे त्यांचा आवाज अडके. दर वर्षी, याच वाक्यावर. पोरे रडत, पोरांच्या आया रडत. आमच्या शाळेच्या हिशेबी मुख्याध्यापकांनाही एकदा चष्मा पुसताना मी पाहिले.

मायभूमीतून उखडलेल्या ग्रीक लोकांनीही नव्या शहरांत गेल्यावर असेच खेळाचे क्लब काढले होते, असे मी एकदा वाचले आणि निताईदांना सांगितले. त्यांनी विचारले, “त्यांची पण नदी गेली?” मी म्हटले, “समुद्राकाठची गावं गेली.” “शमुद्र गेला? मग बोल मांडीवर घेऊन पोर किती रडलं अशेल.”

गोष्ट संपली की सामन्याचा पहिला चेंडू मारला जाई. हरिपदांनी नियम घालून दिला होता: जो नदी पार करून आला, तोच पहिला चेंडू मारील. सुरुवातीला असे मारणारे पुष्कळ होते. एकेक करून ते गेले. गेली कित्येक वर्षे हा मान एकट्या निताईदांचा होता. पुरुषांत नदी पार करून आलेले तेच काय ते उरले होते.

त्यांची एकच खोड सर्वांना खटके. मैदानाच्या रेषा ते स्वतः मारत आणि दोरी लावून काटेकोर मारत. पण ईशान्येचा कोपरा मात्र गोल ठेवत. फुटबॉलच्या मैदानाचा कोपरा काटकोनातच हवा, हे मी वेगळे सांगायला नको. एका स्पर्धेत गोंदियाहून आलेल्या पंचांनी तो पाहिला आणि डोक्याला हात लावला.

“अरे दादा, ये कॉर्नर है कि लड्डू?”

“शर, त्या कोपऱ्यात देव बशते. देवाच्या अंगावर पाय नको.”

“तो देव को बोलो, दो फीट पीछे बैठे. मॅच है, भाई!”

सगळे हसले. निताईदा हसले नाहीत. ते चुन्याची बादली घेऊन त्या कोपऱ्यात उभे राहिले आणि सामना गोल कोपऱ्यावरच झाला.

गेल्या दिवाळीनंतर या कोपऱ्याचा प्रश्न गंभीर झाला. क्लबचा तरुण अध्यक्ष सुजित खटपट्या आहे. तालुक्याच्या गावी त्याचे मोबाईलचे दुकान आहे. त्याने मैदानासाठी पायऱ्यांची सिमेंटची गॅलरी मंजूर करून आणली. सकाळचे ऊन पाठीशी राहावे म्हणून ती ईशान्येला ठरली. पाया खणायला संक्रांतीनंतर मशीन येणार होते. संक्रांतीच्या दिवशी वाटण्यासाठी स्मरणिका काढायची होती आणि क्लबचा इतिहास लिहायचे काम माझ्याकडे आले. इतिहास सांगणारे एकच, निताईदा. पण बैठकीत ते कधी नव्हे ते अडून बसले.

“त्या कोपऱ्यात खणायचं नाय.”

“काका, पर क्यूँ? कारण तो बताओ,” सुजित म्हणाला.

“शांगितलं ना. देव आहे.”

“देवाला आपण बाजूला छोटं मंदिर बांधू. टाइल्स लावू. बस?”

निताईदा उठून गेले. मागे कोणीतरी म्हणाले, म्हातारा सठियाला. मलाही तसेच वाटले.

त्यानंतरची एक संध्याकाळ. सराव चालू होता. मी स्मरणिकेसाठी काही विचारायचे म्हणून मैदानाच्या कडेला उभी होते. माझ्याशेजारी निताईदांची थोरली बहीण मालतीदी मुरमुऱ्यांचे टोपले घेऊन बसल्या होत्या. त्या रोजच तिथे बसत; सराव संपला की पोरांना ओंजळ ओंजळ मुरमुरे देत. गोलकीपर चेतन, पवारांचा मुलगा, चेंडूवर झेपावला आणि त्याचे डोके गोलच्या खांबावर आपटले. तो पडला आणि हलला नाही. कपाळावरून रक्त आले.

निताईदा धावले. या वयात माणूस तसे धावत नाही. त्यांनी त्याचे डोके मांडीवर घेतले आणि ते ओरडले:

“डोरे उघड रे बाबू! डोरे उघड! माह्याकडं पाय! पानी आना रे कोनी, पाहून काऊन राहिले!”

पाणी आले. चेतनने डोळे उघडले. त्याला दवाखान्यात नेले, टाके पडले. आता तो उत्तम खेळतो. मैदानावरचे सगळे त्याच्याभोवती गोळा झाले होते आणि कोणाचेही दुसरीकडे लक्ष नव्हते. मी मात्र तिथेच खिळले होते. डोरे. पानी. ‘का’ला काऊन. ही नक्कल नव्हती. घाबरलेला माणूस नक्कल करत नाही. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून येते ती आईची भाषा, आणि ही आई बारिसालची नव्हती.

मी बाजूला पाहिले. मालतीदींचा हात टोपल्यात तसाच थांबला होता. त्या भावाकडे पाहत नव्हत्या. माझ्याकडे पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर निताईदा सायकल घेऊन आले. व्हरांड्यात बसले. बराच वेळ त्यांनी सायकलच्या घंटीवर बोट फिरवले.

“दिदिमोनी, तुमी आयकलं.”

“हो.”

“दिदी म्हणाली, बाईनं आयकलं. भाशेच्या बाई आहेत, त्यांना कलते.”

मग ते बोलले. दोन्ही भाषा त्यांच्या तोंडी आलटून पालटून येत होत्या. काही वाक्ये ‘ल’ने सुरू होऊन ‘र’ने संपत होती. मी त्यांच्या शब्दांत शक्य तेवढे लिहिते.

“मी टोलीवरचा, पलीकडच्या वस्तीतला. सोमा नाव. माय गेली, बाप कूपाच्या कामाले, झाडं तोडाले जंगलात गेला तो आलाच नाई. काकाच्या बकऱ्या चारो. कॅम्प बसला तवा पोट्टे बॉल खेरत. मी रोज बकऱ्या घेऊन येवो, पाहत राहो. निताई माह्याच येवढा. मले तो बॉल देये. भाशा नाई समजे, पन बॉल देये.”

“मग?”

“ताप आला. चार दिवश. गेला.” त्यांनी घंटीवरचे बोट उचलले. “लहान लेकराले जारत नाई, पुरते. तवा तिथं मैदान नोयतं. पडीक होती.”

मला ईशान्येचा कोपरा दिसला. चुन्याची ती वळलेली रेषा दिसली. पंचांचा लाडू आठवला.

“निताईची आई जेवेना. बोलेना. मी बकऱ्या घेऊन आलो, तर तिनं माजा हात धरला. ‘निताई, ये, भात खा.’ मी खाल्ला. भूक होती. दुशऱ्या दिवशी परत बोलवलं. काका न्यायला आला. बाबांनी त्याला शगलं शांगितलं. काका म्हने, ‘इथं पोटभर खाते, तं खाऊ द्या.’ बकऱ्या घेऊन गेला. कॅम्पच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, कोनी काय बोलायचं नाय. ते शगले गेले. आता दिदी आहे, मी आहे.”

“आणि नदी?” मी विचारले. “स्टीमर?”

“आई रोज शांगायची. मुडी, मुरमुरे भाजताना. ‘तू माझ्या मांडीवर होता. तू मागे पाह्यलं. मग श्टीमर वाजली.’ रोज. एक दिवश मला ऐकू आली.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. “आजही येते, दिदिमोनी. खोटं नाय शांगत. खरी गोधडी दिदीच्या डोक्यावर होती. पन वजन मला मायती आहे.”

मी आयुष्यभर मुलांना बोलीकडून प्रमाण भाषेकडे नेले. हा माणूस उलट्या वाटेने गेला होता. झाडीतले हे लेकरू बंगाली शिकले, हे समजू शकते. पण बंगाली माणसे मराठी कशी मोडतात, तेही तो शिकला. स्वतःच्याच भाषेत परक्यासारखे चुकायला शिकला. त्याच्यासारख्याच दुसऱ्या एका लेकराची जागा रिकामी राहू नये म्हणून.

“आता काय करायचं?” शेवटी मी विचारले.

“नाय बोललो तर मशीन येते. खाली निताई आहे.” ते उठले. “बोललो तर मी कोन? पहिला बोल कशाचा? इतके वर्श रडवलं लोकांना. त्यांनी हाकललं तरी कमीच.” सायकलचे स्टँड काढता काढता ते म्हणाले, “तुमी इतिहाश लिहून ठेवा. पन शंक्रांतीपर्यंत छापू नका.”

संक्रांतीच्या सकाळी मैदानावर आलेली माणसे ईशान्येच्या कोपऱ्याशी घुटमळत होती. कोपरा आज काटकोनात होता. पण त्याच्या आत, चुन्यानेच आखलेली एक लांबट चौकट होती. एक लहान मूल झोपेल एवढी.

सुजितने माइकवर घोषणा केली, “आता नदी पार करून आलेले आपले एकमेव...” निताईदांनी माइक त्याच्या हातातून घेतला. क्लबची निळी बनियन त्यांनी घातली होती.

“मी नदी पायली नाई,” ते म्हणाले. स्वच्छ झाडी बोलीत म्हणाले. “माहं नाव सोमा. टोलीवरचा. निताई तिकडं हाय.” त्यांनी हात कोपऱ्याकडे केला. “कॅम्प आला त्याच साली गेला. त्याच्यावर गॅलरी नोका बांधू.”

माइक घूं घूं करत राहिला. पिठ्यांच्या चुलीजवळ एका बाईच्या हातातला झारा तेलात पडला.

“काका,” सुजित म्हणाला, “तबीयत ठीक है ना? क्या बोल रहे हो?”

“खरं बोलून राहिलो.”

तेवढ्यात खेळाडूंतून चेतन उठला. कपाळावर टाक्यांची खूण होती. “मंग दरसाल आमी रडलो, थे कोनासाठी?” त्याचा आवाज चिरका झाला होता.

निताईदांनी पुन्हा कोपऱ्याकडे हात केला. “त्याच्यासाठी. माह्यासाठी नाई, बाबू. त्याच्यासाठीच.”

चेतन खाली बसला. सुजित चौकटीकडे पाहत होता. गॅलरीचे नाव त्या दिवशी पुन्हा कोणी काढले नाही. ती आता पश्चिमेला बांधली जात आहे. पण त्या क्षणी मध्यभागी चेंडू पडला होता आणि त्याला मारणारा कोणी नव्हता.

“मग पहिला बॉल?” सुजित हळू आवाजात म्हणाला. “नदी पाहिलेलं तर कोणी राहिलंच नाही.”

“हाय ना,” निताईदा म्हणाले आणि मुरमुऱ्यांच्या टोपल्याकडे चालू लागले.

हरिपदांचा नियम ‘जो’ या शब्दाने सुरू होत असे. ‘जो’ हे पुल्लिंगी सर्वनाम आहे, हे मी दर वर्षी सातवीला शिकवते. तरी इतक्या संक्रांती मी मालतीदींच्या शेजारी उभी राहिले आणि त्या नियमाने कोण वगळले गेले आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही. ते कोणाच्याच आले नाही.

“जा रे! मी बाईमानूश,” मालतीदी म्हणाल्या. “पाय मोडेल माझा.”

“बोल कोनी आनला डोक्यावर? मी?”

त्या उठल्या. भावाच्या हाताला धरून मध्यापर्यंत आल्या. तिथे हात सोडून निताईदा मागे फिरले. खेळाडूंच्या रांगेत थांबले नाहीत, पाहुण्यांच्या खुर्च्यांपाशी थांबले नाहीत. चुन्याची रेषा ओलांडून ते मैदानाबाहेर जाऊन उभे राहिले. पूर्वी जिथे बकऱ्या चरत, त्या बाजूला. मैदानावर मी त्यांना पाहिले ते शेवटचे तिथे. त्यानंतरच्या महिन्यात माझी बदली झाली आणि उन्हाळ्यात ते गेल्याचा फोन आला. मागाहून छापलेल्या स्मरणिकेत त्यांची दोन्ही नावे आहेत.

पांढऱ्या लुगड्यातल्या मालतीदी चेंडूसमोर उभ्या होत्या. त्यांची नजर चेंडूवर नव्हती, कोपऱ्यातल्या त्या लहान चौकटीवर होती. त्या हलेनात. सुजित पुढे व्हायला निघाला. एवढ्यात रेषेबाहेरून बगळे उडवणारी टाळी वाजली आणि पाठोपाठ आवाज आला. पोटातून आलेला, कुठलेही अक्षर न सांभाळलेला:

“मार वो दिदी, मार! पाहून काऊन राहिली?”

मालतीदींनी चप्पल काढली.